कागदावर चालविलेलें बंदर

जालन्याला समुद्र नाहीं. न्हावा-शेवा बंदर तेथून सुमारें ४०० किलोमीटर दूर. तरी तेथील लोखंडाच्या भट्ट्यांना परदेशचें भंगार लागतें, आणि आसपासच्या कापसाला परदेशचें गिऱ्हाईक. म्हणून डिसेंबर २०१५ मध्यें शहराजवळ दरेगांव येथें ‘ड्राय पोर्ट’ची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी झाली. जकातीची तपासणी जालन्यांतच उरकावी आणि सीलबंद कंटेनर आगगाडीनें थेट धक्क्यावर न्यावा, अशी ही नवी रीत.

ऐकावयास ती सोपी वाटते. परंतु धक्के बांधून झाल्यावर रीतींतील चूक उमगली, तर ती फार महाग पडते. म्हणून जाणते लोक अशी रीत आधीं कागदावर, आणि मग संगणकावर, चालवून पाहतात.

प्रथम मालाचा व कागदपत्रांचा प्रवास पायरीपायरीनें मांडावयाचा: गांठी कोठें भरल्या, सील कोणीं लाविलें, शिपिंग बिल केव्हां दाखल झालें. प्रत्येक पायरीचा वेळ टिपावयाचा. तोहि एकच आंकडा म्हणून नव्हे, तर कधीं दोन तास, कधीं दोन दिवस, असा. मग ह्या वाटेनें हजारों काल्पनिक कंटेनर सोडावयाचे आणि प्रत्येकाचा विलंब फांसे टाकल्याप्रमाणें ठरवावयाचा. फांशांची ही युक्ति स्टानिस्लाव उलाम ह्या गणितज्ञाला १९४६ मध्यें, दुखण्यांतून उठतांना, एकट्यानें पत्ते खेळतां खेळतां सुचली. पुढें तिला जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचें नांव मिळालें.

एका मालगाडीवर साधारणतः ९० लहान कंटेनर मावतात. समजा, दररोज १५ च आले आणि गाडी भरल्यावांचून निघेना. पहिल्या कंटेनराला जवळजवळ ६ दिवस तिष्ठावें लागेल. सरासरीनें प्रत्येकाला ३. तपासणींत एक दिवस वांचला खरा, पण गाडीपायीं तीन गेले! ठराविक वारीं अर्धीच गाडी सोडावी, तर भाडें अंगावर येतें. त्यांतून जून २०२५ मध्यें समृद्धी महामार्ग संपूर्ण खुला झाला. ट्रक कोणाची वाट पाहत नाहीं. अधीर व्यापारी त्याकडे वळला कीं गाडी भरावयास आणखीच उशीर.

आणि जहाज तर कोणासाठींच थांबत नाहीं. बँकेच्या पतपत्रांत माल जहाजावर चढविण्याची अखेरची तारीख असते. ती टळली, तर बँक पैसे नाकारूं शकते. तेव्हां ‘सरासरी तीन दिवस’ हें उत्तर व्यापाऱ्याच्या काय कामाचें? शंभरांतील किती कंटेनर जहाज चुकवितील, हें त्याला हवें असतें. तें सरासरीवरून कळत नाहीं. सारी वाट पुनःपुन्हां चालवूनच कळतें.

भंगार घेऊन आलेल्या कंटेनरांतच परत कापूस धाडावा, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. परंतु भंगारानें आंतून खरवडलेला, गंजाळलेला कंटेनर कापसाला चालत नाहीं. शिवाय ज्या कंपनीचें जहाज, बहुधा तिचाच कंटेनर लागतो. ह्या दोन अटी हिशेबांत घातल्या कीं कितीएक जोड्या मोडतात, आणि रिकामे कंटेनर ठेवावयास दरेगांवीं जागा किती लागेल, हा प्रश्न रुळांच्या लांबीआधीं सोडवावा लागतो.