फुकटातल्या 160 एकरांचा हिशेब

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल हाउस’ पुस्तकमालेतले फिडल वाजवणारे बाबा म्हणजे तिचे खरे वडील, चार्ल्स इंगल्स. जन्म 1836 चा, न्यूयॉर्क राज्यातला. 1860 मध्ये विस्कॉन्सिनात कॅरोलाइन क्वाइनरशी लग्न झालं आणि मग वीस वर्षं बिऱ्हाड पाठीवर: कॅन्सस, पुन्हा विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, परत मिनेसोटा आणि शेवटी डकोटा. पायाला भिंगरी होती असं म्हणून मोकळं होता येतं. थोडी असेलही. पण त्या काळी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत शेती उभी कशी राहायची, हे पाहिलं की भिंगरीचं कारण बरंचसं पैशात सापडतं.

आधी जमीन. सरकारी मोजणीत सहा मैल लांब-रुंद चौकोन आखायचे, त्याचे एक-एक चौरस मैलाचे 36 भाग पाडायचे. अशा एका भागाचा चतकोर म्हणजे 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने हा चतकोर जवळजवळ फुकट मिळे. नोंदणी आणि इतर शुल्क मिळून साधारण 18 डॉलर. अट एवढीच की पाच वर्षं तिथेच राहून जमीन कसायची. राहायचं आपापल्या तुकड्यावर, म्हणून गावठाण असं बनतच नसे. बोलायला माणूस हवा तर अर्धा मैल तुडवा. शिवाय ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. कॅन्ससमध्ये इंगल्स कुटुंबाने झोपडी बांधली ती ओसेज लोकांच्या जमिनीवर, बेकायदेशीर.

जमीन मिळाली तरी ती लगेच पिकत नाही. गवताळ रानाची माती शतकानुशतकांच्या मुळ्यांनी घोंगडीसारखी विणलेली असते. बिडाच्या नांगराला ती चिकटून बसे, पावलापावलावर थांबून खरवडावी लागे. 1837 मध्ये इलिनॉयच्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने घासून गुळगुळीत केलेला पोलादी नांगर बनवला, त्याला माती चिकटेना. तरीही पड फोडायला बैलांच्या एकाहून जास्त जोड्या जुंपाव्या लागत. ती फोडायची उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गवत जोमात असताना, म्हणजे उलटलेली मुळं कुजतात. पहिल्या वर्षी उलट्या ढेपांत कुऱ्हाडीने खाच पाडून मका टाकायचा आणि येईल ते घ्यायचं. बैल, नांगर, बियाणं, तारा, वर्षभराचं पीठ या सगळ्याला रोख पैसा लागे आणि कायदा त्याबद्दल गप्प होता.

मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हजवळची जमीन तर पैसे भरून घ्यायची होती. 1874 मध्ये कुटुंब तिथे ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या घरात राहिलं. गव्हावर भिस्त होती. मग टोळधाड आली. रॉकी पर्वतातले हे टोळ पीक खाऊन थांबत नसत. जमिनीत अंडी घालत, म्हणजे पुढच्या वर्षाचंही पीक गेलंच. (हीच जात पुढे समूळ नाहीशी झाली, जिवंत टोळ शेवटचा दिसला 1902 मध्ये, चार्ल्स वारला त्याच वर्षी.) पीक गेल्यावर चार्ल्स सुगीच्या मजुरीसाठी पूर्वेकडे चालत गेला. 1875 मध्ये, आपल्याजवळ काहीही नाही असं लिहून देऊन, त्याने सरकारी मदतीचं पीठ घेतलं. अभिमानी माणसाला ती सही किती जड गेली असेल!

1876 मध्ये शेत विकलं. त्याच उन्हाळ्यात नऊ महिन्यांचा मुलगा गेला. आयोवातल्या बर ओक गावात कुटुंब हॉटेलात राबलं. पुढे चार्ल्सने सुतारकाम केलं, मांसाचं दुकान चालवलं. 1879 मध्ये थोरली मेरी आंधळी झाली. त्याच वर्षी मेव्हण्याच्या ओळखीने चार्ल्सला डकोटात रेल्वेच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि 1880 च्या फेब्रुवारीत त्याने डी स्मेटजवळ 160 एकर नोंदवले.

पुढचा हिवाळा भयानक निघाला. ऑक्टोबरात पहिलं हिमवादळ झालं आणि जानेवारीपासून आगगाडी बंद पडली ती मेपर्यंत. कोळसा संपला तेव्हा वाळलं गवत जाळलं. पण सुटं गवत भसकन जळून जातं. म्हणून मूठभर गवताला घट्ट पीळ द्यायचा, मध्ये दुमडायचं, टोक पिळातच खोचायचं. अशी कांडी काही मिनिटंच पुरे, त्यामुळे घरातलं कुणी ना कुणी दिवसभर पीळच घालत बसे. पीठ संपलं तेव्हा बियाण्याचा गहू कॉफीच्या हातगिरणीत दळला. चिमूटभर घालायचं, फिरवायचं, पुन्हा घालायचं. एका भाकरीपुरतं पीठ निघेपर्यंत हात भरून येत.

मेरी 1881 मध्ये आयोवातल्या अंधांच्या शाळेत गेली. शिकवणीची फी डकोटा प्रदेशाने दिली. कपडे आणि प्रवास घरच्यांनी भागवायचा. त्यासाठी लॉरा किशोरवयातच शिवणकाम करू लागली, शाळेत शिकवू लागली. शेतावर शेत चालत नव्हतं, पगारावर चालत होतं.

1886 मध्ये चार्ल्सने साक्षीदार उभे करून पाच वर्षांची अट पुरी केल्याचं सिद्ध केलं. कागद हाती आला. 1887 मध्ये त्याने डी स्मेट गावात स्वतःच्या हाताने घर बांधलं आणि वर्ष संपायच्या आत बिऱ्हाड तिथे हलवलं. पुढे पोट भरलं ते मुख्यतः सुतारकामावर. 1892 मध्ये शेत विकून टाकलं.