विजेच्या गाडीची शिदोरी

पेट्रोलची मोटार विकत घेणारा मनुष्य पेट्रोल कोठें मिळेल याची चौकशी सहसा करीत बसत नाहीं. परभणीहून जिंतूर रस्त्यानें निघावें कीं गंगाखेड रस्त्यानें, वाटेंत पंप लागावयाचाच. विजेची गाडी घेणाऱ्याची स्थिति निराळी आहे. वीज त्याच्या घरांत आहे, गल्लींत आहे, शेतांतल्या पंपावर आहे. आणि तरीहि गाडी भरावयाची कोठें, हा प्रश्न त्याला प्रत्यक्ष रस्त्यावर पडतो. पुण्या-मुंबईस तर तो अधिकच तीव्र होतो. जी वस्तु सर्वत्र आहे तीच वेळेवर सांपडूं नये, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु गाडी वीज कशी घेते व त्या सोयीचे पैसे कोण देतो, हें एकदां समजलें म्हणजे त्यांतील चमत्कार नाहींसा होतो.

विजेची गाडी मुंबईच्या रस्त्यांना नवी नाहीं. ७ मे १९०७ रोजीं तेथें विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत ती चालली. पण ट्रामचा संसार सुटसुटीत होता. डोक्यावर तार, पायाखालीं रूळ; जेथवर तार तेथवर ट्राम, आणि तारेचा खर्च ट्राम चालविणाऱ्या संस्थेचाच. आजची मोटार तारेपासून मोकळी झाली, म्हणून तिला आपली शिदोरी पोटांत बांधून निघावें लागतें. ती शिदोरी कोणीं, कोठें आणि कोणाच्या खर्चानें बांधून द्यावयाची, हा तंटा ट्रामच्या काळीं उद्भवलाच नव्हता.

प्रथम माप पाहूं या. एक किलोवॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट वीज खर्च होते. महिन्याच्या बिलांत जें युनिट येतें तेंच हें. लहान चारचाकीची बॅटरी सुमारें ३० युनिटांची धरली व एका युनिटावर गाडी सहासात किलोमीटर जाते असें मानलें, तर भरलेली गाडी दोनशें किलोमीटरांपर्यंत जाईल. परभणीहून छत्रपती संभाजीनगर गांठेपर्यंत शिदोरी संपलीच म्हणावयाची. स्कूटरचें तसें नाहीं. तिची बॅटरी दोनचार युनिटांची. ती घरच्या साध्या सॉकेटवर रात्रींतून सुखानें भरते, आणि म्हणूनच जिल्ह्याच्या गांवांत विजेची गाडी प्रथम दुचाकीच्या रूपानें दिसूं लागली.

चारचाकीला त्याच घरांतील १५ अँपिअरच्या जाड पिनच्या सॉकेटमधून तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते. म्हणजे रिकामी गाडी भरावयास नऊदहा तास हवेत. याचें कारण असें कीं घरीं येणारी वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची असते, बॅटरीला मात्र दिष्ट म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह लागतो. हें रूपांतर करणारें यंत्र गाडींतच असतें व तें लहान असतें. जलद केंद्रावर तेंच यंत्र मोठ्या आकाराचें करून बाहेर उभें केलेलें असतें, आणि तें सरळ बॅटरीस दिष्ट प्रवाह पुरवितें. ५० किलोवॅटच्या अशा यंत्रावर ३० युनिटांची बॅटरी हिशेबानें छत्तीस मिनिटांत भरावी. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. गाडीला तेवढा प्रवाह सोसला पाहिजे, शिवाय बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढें गेली कीं तिच्या रक्षणासाठीं वेग उतरविला जातो. शेवटच्या वीस टक्क्यांसाठीं अडून बसणारा गृहस्थ स्वतःचा वेळ तर दवडतोच, पण मागें थांबलेल्या दोघांचाहि दवडतो.

आतां मोठ्या शहराकडे वळावें. पाथरी किंवा सेलूकडील एखादें कुटुंब नोकरीनिमित्त पुण्यास हडपसर वा वाघोलीकडे राहतें असें समजा. बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, विजेचें मीटर जिन्याखालीं, आणि गाडी उभी करण्याची जागा इमारतीच्या मागच्या अंगास. परभणींतील अंगणांत जी तार खिडकीतून सोडून काम भागलें असतें, तिच्यासाठीं येथें सोसायटीची संमति, भिंतीवरून केबल आणि सुरक्षित जोडणी हवी. केंद्र सरकारनें २०१९ सालीं आदर्श बांधकाम-नियमांत दुरुस्ती करून वाहनतळाच्या क्षमतेपैकीं वीस टक्के जागीं चार्जिंगची सोय असावी असें सुचविलें; पण जुन्या इमारतींस त्याचा उपयोग थोडा. फेब्रुवारी २०२४ मध्यें वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यांचा उपयोग मात्र मोठा आहे. त्यान्वयें ग्राहकास गाडीसाठीं स्वतंत्र जोडणी मागतां येते, आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस व ग्रामीण भागांत पंधरा दिवस अशी कमी केली आहे.

स्वतंत्र मीटरच्या बाबतींत एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी दीडशें युनिटांच्या आसपास वीज घेईल, आणि तीं युनिटें घरच्या मीटरवर पडलीं तर वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन पडतील. राज्य वीज नियामक आयोगानें २०१८ सालींच विद्युत्-वाहनांसाठीं वेगळा दरवर्ग केला आहे. दोहोंचा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय करावा. शेजाऱ्यानें काय केलें हें पाहून करूं नये.

सोसायटीच्या समित्यांना पुष्कळ वेळां हटवादी म्हटलें जातें. तें सर्वस्वीं न्याय्य नाहीं. पन्नास बिऱ्हाडांसाठीं बसविलेल्या रोहित्रावर, ज्याला आपल्याकडे गांवोगांव ‘डीपी’ म्हणतात, रात्रीं दहा वाजतां वीस गाड्या एकदम जोडल्या तर तें तापणारच. डीपी जळणें म्हणजे काय, हें हंगामांत पाण्याविना राहिलेल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. उपाय आहे तो असा कीं गाड्यांनीं पाळीपाळीनें वीज घ्यावी, आणि तशी वांटणी आपोआप करणारीं यंत्रें उपलब्धहि आहेत. परंतु पहिल्या गाडीवाल्यानें केबलीचा सगळा खर्च सोसावयाचा व पुढच्या एकोणीस जणांनीं त्यावर फुकट बसावयाचें, अशी व्यवस्था फार दिवस टिकत नाहीं. केबलीचा खर्च सोसायटीनें करून प्रत्येकाकडून युनिटागणिक वसूल करावा, हेंच बरें.

ज्याला वाहनतळच नाहीं, त्या भाडेकऱ्यास सार्वजनिक केंद्राचाच आधार. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें एप्रिल २०१८ मध्यें स्पष्ट केलें कीं गाडी भरून देणें ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यामुळें त्यासाठीं परवाना लागत नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरमध्यें शहरांत तीन किलोमीटर लांबरुंद अशा प्रत्येक चौकोनांत एक केंद्र असावें, असें उद्दिष्ट ठरलें. सप्टेंबर २०२४ च्या सूचनांनीं तो चौकोन २०३० पर्यंत एक किलोमीटरचा करावयाचें ठरविलें, म्हणजे चौकोनांची संख्या नऊपट झाली. केंद्र कोठें आहे हें दाखविणारें ‘ईव्ही यात्रा’ हें सरकारी संकेतस्थळ १४ डिसेंबर २०२२ रोजीं सुरू झालें. तथापि नकाशावरचा ठिपका म्हणजे चालू यंत्र नव्हे. तेथें आपल्या गाडीस बसेल असा प्लग आहे काय, यंत्र बंद तर नाहीं ना, जागा दुसऱ्या गाडीनें अडविली आहे काय, हें दूरध्वनीवर विचारून मगच निघावें. प्रत्येक कंपनीचें ॲप निराळें आणि त्यांत आगाऊ भरावयाची रक्कमहि निराळी, हा जाच तर विनाकारणच वाढविलेला आहे.

खरा पेंच पैशाचा आहे. केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत, जो १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत चालला, दहा हजार कोटींपैकीं एक हजार कोटी रुपये चार्जिंगसाठीं राखले होते. त्यांतूनच मार्च २०२३ मध्यें तीन सरकारी तेल कंपन्यांस ७,४३२ केंद्रांसाठीं ८०० कोटी मंजूर झाले. पुढें १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पी.एम. ई-ड्राइव्ह’ योजना आली. तिच्यांत या कामासाठीं दोन हजार कोटी ठेवले आहेत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणानें पहिल्या ५०० जलद यंत्रांस निम्मा खर्च, पांच लाखांच्या मर्यादेपर्यंत, देऊं केला होता.

पण अनुदान यंत्र उभें करतें, चालवीत नाहीं. हिशेबासाठीं धरूं या कीं यंत्र, रोहित्र व केबल मिळून वीस लाख रुपये लागले, व्याज दहा टक्के आणि यंत्राचें आयुष्य दहा वर्षें. व्याज व झीज मिळून वर्षाला चार लाख, म्हणजे दिवसाला सुमारें अकराशें रुपये. रोज दहा गाड्यांनीं वीस-वीस युनिटें घेतलीं तर विजेच्या किमतीवर युनिटामागें साडेपांच रुपये चढतात. दोनच गाड्या आल्या तर सत्तावीस. हा सत्तावीस रुपयांचा आंकडाच ठरवितो कीं केंद्र कोठें निघेल आणि कोठें नाहीं. २०२१ च्या धोरणांत केंद्रांचीं उद्दिष्टें नेमून दिलीं तीं सात शहरांना : बृहन्मुंबई १,५००, पुणें ५००, नागपूर १५०, नाशिक १००, तेव्हांचें औरंगाबाद ७५, अमरावती ३० व सोलापूर २०. परभणीचें नांव त्यांत नव्हतें. गाड्या नाहींत म्हणून केंद्र नाहीं, आणि केंद्र नाहीं म्हणून गाड्या नाहींत. हें चक्र कोणा व्यापाऱ्यानें फोडावें अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. पहिलीं कांहीं वर्षें तोटा सोसणारा पैसा सार्वजनिकच असला पाहिजे. २०२५ च्या नव्या राज्य-धोरणानें महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला केंद्र असावें असें म्हटलें आहे, तें या दृष्टीनें अधिक समंजस आहे.

विजेचा तुटवडा ही सबब मात्र परभणीनें सांगूं नये. जिंतूर तालुक्यांतील येलदरीचें जलविद्युत्-केंद्र साडेबावीस मेगावॅट क्षमतेचें आहे. पूर्ण चालतें तेव्हां तेवढ्यावर ५० किलोवॅटचीं साडेचारशें यंत्रें एकाच वेळीं चालतील. उणीव आहे ती केबलीची, रोहित्राची आणि जागेची. जागा तर एस.टी.च्या आगारांतच आहे. १ जून १९४८ रोजीं एस.टी.ची पहिली गाडी पुणें-नगर मार्गावर धांवली, आणि १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. जेथें अशा गाड्यांसाठीं आगारांत भारी जोडणी येते, तेथें दिवसाच्या रिकाम्या वेळांत खाजगी गाड्यांस पैसे घेऊन वीज दिली तर वरील हिशेबांतील दोन गाड्यांच्या दहा व्हावयास फार काळ लागणार नाहीं. तोंपर्यंत परभणीहून पुण्याकडे निघणाऱ्यानें रात्रीं घरीं गाडी पूर्ण भरावी, वाटेंतलीं निदान दोन केंद्रें आधीं विचारून ठेवावीं, आणि बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर येण्यापूर्वींच पहिलें केंद्र गांठावें.