केंद्रकाभोवतीचं कडं

दुकानदार पाचशेची नोट जांभळट दिव्याखाली धरतो तेव्हा नेमकं काय बघतो, कधी वाकून पाहिलंय? नोटेवरचे आकडे झळकायला लागतात आणि कागदात एरवी न दिसणारे बारीक तंतू उजळतात. दिव्यातून निघणारे अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. पण शाई ते गिळते, थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवते आणि उरलेली दिसेल अशा प्रकाशात परत करते. या करामतीला फ्लुओरेसन्स हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दिलं. आज त्याच करामतीवर, एखादं प्रथिन पेशीच्या कुठल्या भागात आहे हे शोधता येतं.

बंगळूरहून विमानतळाकडे निघालं की वाटेत कृषी विद्यापीठाचं जीकेव्हीके आवार लागतं. टीआयएफआरची ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ ही संस्था याच आवारात आहे. जी. व्ही. शिवशंकर यांनी इथे बरीच वर्षं प्रयोगशाळा चालवली, पुढे ते सिंगापूरला गेले. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी पेशींना काचेवर हवं तसं पसरू न देता, आखून दिलेल्या सूक्ष्म ठशांवरच वाढवलं. ठसे वेगवेगळ्या मापांचे आणि आकारांचे होते, काही लहान, काही मोठे, काही लांबट. पेशीला बसायला मिळालेली जागा बदलली आणि आत जनुकांचं कामकाज बदललं! एचडॅक-३ नावाच्या प्रथिनाची केंद्रक आणि भोवतालचं पेशीद्रव यांच्यातली वाटणीही बदलली.

प्रथिन इथून तिथे गेलं हे कळतं कसं? ते सूक्ष्मदर्शकाखालीही नुसतं दिसत नाही. म्हणून त्याला नेमकी चिकटणारी अँटीबॉडी घ्यायची आणि तिच्यावर चमकणारा रंग चढवायचा. केंद्रकासाठी वेगळा रंग लागतो, तो बहुधा डॅपी. हे रसायन १९७१ मध्ये आफ्रिकेतल्या निद्रारोगावर औषध शोधताना तयार झालं. ते डीएनएच्या खाचेत जाऊन बसतं आणि बसल्यावर सुमारे वीसपट जास्त चमकतं. आजूबाजूला सुटं फिरणारं डॅपी मंद राहतं, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रकं लख्ख दिसतात.

छायाचित्र काढलं, आता मोजायचं. संगणकाला निळं, हिरवं काही कळत नाही, त्याच्यापुढे नुसता आकड्यांचा तक्ता असतो. बारा बिटांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्याला ० ते ४०९५ मधला एक आकडा मिळतो. त्यात केंद्रक कुठे संपतं? जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये याचं उत्तर दिलं. शक्य त्या प्रत्येक आकड्यावर रेघ मारून बघायची आणि जिथे उजेड व अंधार असे दोन गट आपापल्यात सर्वांत एकसारखे राहतील ती रेघ ठेवायची. माणसाने डोळ्यांनी ठरवायचं काही उरतच नाही.

पण दोन केंद्रकं एकमेकांना खेटून बसली असतील तर? ओत्सूंची रेघ त्यांना एकच समजते. इथे मदतीला येतो चक्क पाणलोट. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एकीकडे कोकणात उतरतो, दुसरीकडे कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतो. मधली धार म्हणजे सीमा. संगणक चित्राचा असाच भूभाग करतो. काठापासून जितकं आत जावं तितकी खोली वाढत जाते, म्हणजे प्रत्येक केंद्रकाच्या मध्यावर एक खड्डा तयार होतो. मग खड्ड्यांत पाणी भरायचं आणि दोन तळ्यांचं पाणी जिथे भेटेल तिथे बांध घालायचा. केंद्रकं सुटी! ब्यूशे आणि लांत्युएजूल या फ्रेंच संशोधकांनी सीमा शोधण्यासाठी पाणलोट वापरला तोही १९७९ मध्येच.

आता पेशीद्रवाचं काय? पेशीची बाहेरची कड पुसट असते, शेजारणीच्या कडेवर चढलेलीही असते. मग ती शोधायचीच कशाला? केंद्रकाची कड तर आपल्या हातात आहे. तीच सगळीकडून थोडी फुगवायची, मूळ केंद्रक वजा करायचं, आणि उरेल ते कडं पेशीद्रवाचा नमुना म्हणून मोजायचं. मला ही युक्ती सगळ्यांत आवडते, कारण तिने अवघड प्रश्न सोडवलेलाच नाही, टाळला आहे.

कडं दिसतं अरुंद, पण हिशेब करून बघा. केंद्रकाचा व्यास १० मायक्रोमीटर आणि कड्याची रुंदी फक्त २ धरली, तर त्रिज्या ५ वरून ७ झाली. वर्ग केले की २५ आणि ४९. म्हणजे कड्याचं क्षेत्र २४ भाग, तर आख्ख्या केंद्रकाचं २५! एक ठिपका ०.२ मायक्रोमीटरचा असेल तर दोन्हीकडे सुमारे १९००-२००० ठिपके येतात. तुलना बरोबरीची होते. केंद्रकाचा उजेड कडेबाहेर थोडा सांडतोच, त्यामुळे जाणकार मध्ये बारीकशी फट सोडतात.

मग केंद्रकातल्या उजेडाच्या सरासरीला कड्यातल्या सरासरीने भागायचं. दिवा थोडा मंद असला किंवा रंग कमी चढला, तर वरचा आणि खालचा आकडा सारख्याच प्रमाणात घटतो आणि भागाकार तोच राहतो. फक्त एक पथ्य आहे. कॅमेरा मिट्ट अंधारातही शून्य दाखवत नाही, तो आकडा आधी वजा करावा लागतो. समजा केंद्रकात ९००, कड्यात ५०० आणि रिकाम्या जागी १०० आले. तसंच भागलं तर १.८, वजा करून भागलं तर बरोबर २. आणि ठिपके ४०९५ वर जाऊन अडकले असतील तर कुठलंच गणित कामाचं नाही. त्यापलीकडचा उजेड नोंदलाच गेलेला नसतो, छायाचित्र पुन्हा काढायचं.

हे सगळं करणारं इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रास्बँड यांनी ते १९९७ मध्ये सुरू केलं. एकदा पायऱ्या ठरवून दिल्या की ते शेकडो चित्रं ओळीने मोजत जातं. एचडॅक-३ सारख्या प्रथिनाचा भागाकार वाढला, तर ते केंद्रकात जमा होतंय असं समजायचं. तिथे त्याचं काम असतं, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरचे असिटिल गट काढून टाकणं. ते निघाले की डीएनएची गुंडाळी आवळते आणि तिथली जनुकं सहसा गप्प होतात.