परसातील कोंबड्यांचे श्वसनविकार : औषधापूर्वी निदान

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या ग्रामीण पट्ट्यात, म्हणजे नजफगढ, बवाना, गुरुग्राम, सोनिपत, गाझियाबाद या परिसरातील खेड्यांत, परसातील कोंबडीपालन हा अनेक कुटुंबांचा जोडव्यवसाय आहे. दहा-वीस पक्ष्यांचा हा कळप बहुतेक ठिकाणी महिला सांभाळतात. थंडी सुरू झाली की या कळपांत शिंका, नाकातून स्राव, घशातील घरघर आणि चोच उघडून श्वास घेणे ही लक्षणे दिसू लागतात. त्यानंतरचा क्रमही ठरलेला असतो : जवळच्या औषध दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणली जाते, ती पाण्यात मिसळली जाते आणि पक्षी बरे होण्याची वाट पाहिली जाते. काही कळप सावरतात, तर काही ठिकाणी चार दिवसांत खुराडे रिकामे होते. हा फरक औषधाच्या दर्जामुळे पडत नाही, तो मूळ आजारामुळे पडतो. शिंक हे लक्षण आहे. तिच्यामागे विषाणू, जिवाणू, बुरशी, कृमी किंवा कोंदट हवा यांपैकी काहीही असू शकते आणि प्रतिजैविक यांपैकी केवळ जिवाणूंवरच चालते.

लक्षणांवरून आजाराचा अंदाज

विस्तार कार्यकर्त्याने प्रथम दोन प्रश्न विचारावेत : किती पक्षी मेले, आणि किती दिवसांत?

मरतुक झपाट्याने वाढत असेल तर राणीखेत, म्हणजेच मानमोडी, या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी. श्वास लागणे, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणे आणि पंख किंवा पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. कुमाऊंमधील राणीखेत येथे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा आजार नोंदवला गेला आणि भारतात त्याला त्या गावाचे नाव मिळाले. त्यावर औषध नाही.

संसर्गजन्य ब्राँकायटिसमध्ये ठसका व घरघर यांसोबत अंड्यांचे उत्पादन घटते, कवच खडबडीत व वेडेवाकडे होते आणि अंड्यातील पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो. हाही विषाणूजन्य आजार आहे. देवीच्या घशातील प्रकारात तोंडात व घशात पिवळसर चट्टे येऊन श्वासमार्ग अरुंद होतो.

मरतुक कमी, परंतु शिंका व घरघर आठवडेच्या आठवडे चालू, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस आणि पक्षी हळूहळू खंगत जाणे, असे चित्र असल्यास दीर्घकालीन श्वसनरोगाचा, म्हणजे सीआरडीचा, विचार करावा. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू त्याला कारणीभूत ठरतो. त्यात ई. कोलाय जिवाणूंची भर पडली की आजार गंभीर होतो. चेहरा सुजलेला आणि नाकातील स्रावाला दुर्गंधी असल्यास संसर्गजन्य कोरायझा हा जिवाणूजन्य आजार संभवतो.

पिल्ले धापा टाकत असतील आणि गादीसाठी वापरलेला भुसा ओलसर, बुरशीयुक्त असेल, तर बुरशीजन्य फुप्फुसदाह असू शकतो. त्यावर उपयुक्त औषध नाही. गादी तत्काळ बदलणे हाच मार्ग. मोकळे चरणारे पक्षी मान ताणून वारंवार जांभई दिल्यासारखी चोच उघडत असतील, तर श्वासनलिकेतील कृमींची शक्यता असते आणि तेथे कृमिनाशक लागते.

ही वर्णने अंदाजापुरती आहेत. एकाच कळपात दोन आजार एकत्र आढळू शकतात. पक्के निदान शवविच्छेदन व प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच होते.

बर्ड फ्लूची शंका आल्यास

तुरा व चोचीखालील मांसल भाग निळसर पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताळलेले डाग दिसणे किंवा कोणत्याही लक्षणाविना अनेक पक्षी एकाएकी मरणे, यांपैकी काहीही दिसल्यास उपचार करीत बसू नये. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतील फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

देशातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतील संजय तलावावरील बदके व शहरातील कावळे यांच्या नमुन्यांत हा विषाणू आढळला. त्या वेळी खबरदारी म्हणून गाझीपूर येथील कोंबडी बाजार बंद करण्यात आला. तेथील नमुने निर्दोष आल्यानंतरच तो पुन्हा उघडला. शंका येताच व्यवहार थांबवणे आणि निर्णय तपासणीवर सोडणे, हीच रीत परसातील कळपालाही लागू आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत एका मुलाचा एच५एन१ विषाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला. देशातील अशा मानवी मृत्यूची ही पहिलीच नोंद होती. माणसांना हा संसर्ग क्वचित होतो, परंतु परसात पक्ष्यांजवळ मुलांचा वावर सर्वाधिक असतो, याचा विसर पडू नये.

अशा वेळी मेलेला पक्षी घरी कापू नये, तो उकिरड्यावर, नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. उरलेले पक्षी विकू नयेत. मुलांना दूर ठेवावे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अनुसूचित रोगांची माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. नमुने घेण्याचे काम पशुसंवर्धन विभागाचे आहे. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

उपचार कोठे उपयोगी पडतात

सीआरडी व कोरायझा यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होतो. सीआरडीसाठी टायलोसीन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिण्याच्या पाण्यातून दिली जातात. मात्रा व कालावधी पशुवैद्यकाने ठरवावा. औषधाचे पाणी रोज ताजे करावे आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. अतिशय आजारी पक्षी पाणी कमी पितात, त्यामुळे त्यांना औषध स्वतंत्रपणे द्यावे लागते. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून औषध अर्धवट सोडू नये. औषधाच्या वेष्टनावर दिलेला काळ पूर्ण होईपर्यंत अंडी व मांस खाऊ नये, विकूही नये.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. या दोन्ही आजारांतून बरे झालेले पक्षी रोगवाहक राहू शकतात. मायकोप्लाझ्मा अंड्यांतूनही पिल्लांत उतरतो. म्हणून अशा कोंबडीची अंडी उबवणीसाठी ठेवू नयेत आणि तिला नव्या पिल्लांत मिसळू नये.

विषाणूजन्य आजारात प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. दुय्यम जिवाणूसंसर्ग रोखण्यासाठी ते द्यायचे की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाचा असतो. अकारण वापराने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि त्याची झळ माणसांच्या उपचारांनाही बसते. याच कारणास्तव केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी कोलिस्टीनच्या वापरावर बंदी घातली.

हिवाळ्यातील खुराडे

दिल्लीच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत धुके व थंडी यांपासून बचावासाठी खुराड्याला चहूबाजूंनी पोती किंवा प्लास्टिक बांधले जाते, शेजारी अंगीठी पेटवली जाते. त्यामुळे आत धूर, ओल आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया कोंडतो. अमोनियाने श्वासनलिकेच्या अस्तरातील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि जंतूंना वाट मोकळी होते. कसोटी सोपी आहे : सकाळी खुराड्याशी पक्ष्यांच्या उंचीवर वाकून वास घ्यावा. डोळे चुरचुरत असतील, तर हवा पक्ष्यांसाठी घातक ठरली आहे. पक्षी बसतात त्या उंचीपर्यंत वारा अडवावा, परंतु छताखालची बाजू उघडी ठेवावी. गादी रोज उकरून ओला भाग काढून टाकावा.

ओखला, सुलतानपूर व नजफगढच्या पाणथळ जागी याच काळात स्थलांतरित पाणपक्षी येतात. त्यांच्या आसपासच्या गावांत कोंबड्यांना तळ्याकाठी सोडू नये. दाणापाणी छताखाली द्यावे. बाजारातून आणलेले नवे पक्षी किमान दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत.

लसीकरण : गटाने केल्यास परवडणारे

राणीखेत रोगाविरुद्ध पाचव्या ते सातव्या दिवशी एफ किंवा लासोटा लस डोळ्यात वा नाकात थेंबाने आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर२बी लस टोचून देतात. पुढील मात्रा स्थानिक पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानुसार द्याव्यात. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये. लस बर्फातून आणावी आणि विरघळवल्यानंतर साधारण दोन तासांत संपवावी. लस पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, कारण त्याने लसीतील जिवंत विषाणू निष्प्रभ होतो.

खरी अडचण कुपीच्या आकाराची असते. शंभर किंवा अधिक मात्रांची कुपी पंधरा कोंबड्यांसाठी फोडणे कुटुंबाला परवडत नाही आणि लसीकरण राहून जाते. येथे विस्तार कार्यकर्त्याची भूमिका निर्णायक ठरते. महिला बचत गटाच्या मदतीने गावातील घरांची यादी करून थंडीपूर्वी एकच दिवस ठरवल्यास एक कुपी आठ-दहा घरांना पुरते. ज्या आजारावर औषध नाही, त्यापासून लहान कळपाला वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.