गळ्याची गाठ आणि मिठाची बरणी

"पोरगी मठ्ठ हाय हो बाई. डोक्यात काई शिरतच न्हाई तिच्या."

शाळेच्या व्हरांड्यात आजी सांगत होती. सहावीतली नात तिच्या पदराआड खाली मान घालून उभी. त्या दिवशी शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले होते. डॉक्टरबाईंनी मुलीला जवळ घेतले, मान वर करायला लावली आणि फुलपात्रातले पाणी हातात दिले. "एक घोट घे बाळ, सावकाश गिळ." घोट गिळताना मुलीच्या गळ्यात, घाटीच्या खाली, एक मऊ फुगवटी वर गेली आणि खाली आली. जवळून पाहणाऱ्यालाच दिसावी एवढीच होती ती.

"आजी, घरात मीठ कोणतं वापरता?"

"मीठ ते मीठ. गुरांसाठी खड्याचं पोतं आणतो, त्यातलंच मूठभर मडक्यात टाकायचं."

"आणि असा गळा घरात आणखी कुणाचा आहे?"

"हिच्या आईचा हाय की. तिच्या आईचाबी व्हता. आमच्याकडं बायांचा गळा भरतोच वयात आल्यावर. त्याला काय औषध?"

आजीच्या या उत्तरातच सगळे दुखणे आले. तीन पिढ्या गळा भरतो, आणि तीन पिढ्या त्याला कुणी आजार म्हणत नाही! डोंगराकडच्या कित्येक गावांतून आजही हेच ऐकायला मिळते. म्हणून या विषयावर चार गोष्टी सविस्तर सांगणे भाग आहे.

गाठ येते कशी?

आपल्या गळ्यात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र थायरॉइड हाच शब्द आहे. ही ग्रंथी जो रस तयार करते, त्यावर शरीराचा सारा कारभार चालतो. अंगातली ऊब, हृदयाची गती, पोट साफ होणे, पाळी, मुलांची उंची आणि मेंदूची वाढ हे सगळे त्यात आले. हा रस तयार व्हायला आयोडीन लागते. ते कमी पडले की ग्रंथी जास्त काम करू लागते आणि काम करता करता फुगते. हाच गलगंड.

आयोडीन लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला, तरी चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण ते एकदम खाऊन साठवून ठेवता येत नाही, रोज थोडे थोडे पोटात जावे लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ते जास्त, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम लागते. कारण ती दोन जिवांसाठी खात असते.

आता कुणी म्हणेल, आम्ही घरची भाजी, घरचे धान्य, घरचे दूध खातो, मग आम्हाला कमी कसे पडते? त्याचे उत्तर जमिनीत आहे. मातीतले आयोडीन पावसाने, पुराने धुऊन निघते आणि शेवटी समुद्राला मिळते. डोंगरउताराच्या, धूप झालेल्या जमिनीत ते फार थोडे उरते. जमिनीत नाही म्हणून पिकात नाही, विहिरीच्या पाण्यात नाही, आणि त्या चाऱ्यावर जगणाऱ्या गाईच्या दुधातही पुरेसे नाही. शेणखत भरपूर घाला, ओलीत करा, माल उत्तम येईल. पण जे जमिनीतच नाही ते दाण्यात येणार कोठून? समुद्राची मासळी नेमाने खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ती रोज कुणाच्या ताटात असते?

गोठ्यातही तेच

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी हा परिच्छेद ध्यानाने वाचावा. आयोडीनची कमतरता माणसाला होते तशी जनावरालाही होते. गाभण शेळीला आयोडीन कमी पडले तर करडू गळ्याला सूज घेऊन जन्मते, अंगावर केस विरळ असतात, उभे राहायला ताकद नसते. काही करडे मेलेलीच जन्मतात. गाई-म्हशींत गाभ न राहणे, अशक्त वासरू होणे यामागेही इतर कारणांबरोबर हे एक कारण असू शकते. अशी करडे होत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून आयोडीन असलेले खनिज मिश्रण सुरू करावे. आणि आपल्या घराकडेही एकदा पाहावे, कारण जनावर आणि मालक एकाच जमिनीवर जगतात.

कांगड्याचा धडा

गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग, असे पूर्वी मानत. तेथल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. लाखभर वस्तीच्या त्या भागाचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ आणि एका विभागात साधे मीठ पुरवले. पाच-सहा वर्षांनी शाळकरी मुलांचे गळे तपासले, तेव्हा आयोडीनच्या मिठाच्या भागात गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता. साध्या मिठाच्या भागात तो होता तिथेच होता. पुढे त्या भागालाही आयोडीनचे मीठ दिले, आणि तेथेही गळे उतरू लागले.

त्याच आधारावर १९६२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. नंतरच्या पाहण्यांत हा रोग हिमालयापुरता नाही, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश येथेही त्याचे पट्टे आहेत, हे उघड झाले. म्हणून १९८६ पासून खाण्याच्या सगळ्याच मिठात टप्प्याटप्प्याने आयोडीन घालायचे ठरले. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून 'आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण' असे केले. गळ्याची गाठ हे या रोगाचे फक्त दिसणारे टोक आहे, हे तोवर कळून चुकले होते. बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, २००० साली केंद्राने ती उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

खरे नुकसान दिसत नाही

गाठ दिसते. पण जे दिसत नाही ते जास्त वाईट. गरोदरपणात आईला आयोडीन फार कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. गर्भपात होतो, मूल मृत जन्मते, किंवा मतिमंद, बहिरे-मुके, खुरटे राहते. हे नुकसान मागाहून कोणत्याही औषधाने पूर्ण भरून येत नाही. आणि गावात दोष कुणाला देतात? बाईला, तिच्या नशिबाला, नाहीतर कुणाच्या नजरेला. ज्या सुनेची दोन बाळंतपणे वाया गेली, तिच्या गळ्याकडे मात्र कुणी पाहिलेले नसते!

काही बाळांना जन्मतःच थायरॉइडचा रस कमी असतो. त्याचे कारण दरवेळी आयोडीनच असते असे नाही. ग्रंथीच नीट तयार झालेली नसते. बाळ फार झोपते, अंगावर ओढायला कंटाळते, कावीळ लांबते, जीभ मोठी दिसते, बेंबी फुगते, पोट कडक राहते. "गुणी बाळ आहे, रडतच नाही" म्हणून घरचे कौतुक करतात. अशा बाळाला ताबडतोब दाखवावे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी करता येते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखे वाढते. येथे महिन्याची दिरंगाईसुद्धा महागात पडते.

ओळखावे कसे?

पहिली गोष्ट, गलगंड आणि गंडमाळ एक नव्हेत. गंडमाळेच्या गाठी मानेच्या बाजूला माळेसारख्या येतात, आणि त्या बहुधा क्षयाच्या असतात. थायरॉइडची फुगवटी गळ्याच्या मध्यावर, घाटीच्या खाली असते आणि पाणी गिळताना वर सरकते. आरशासमोर उभे राहून, मान किंचित मागे करून एक घोट पाणी प्यावे. काही वर सरकताना दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

रस कमी पडला की थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळी जास्त जाते, दिवस राहत नाहीत. रस जास्त झाला तर उलट: छाती धडधडते, हात कापतात, उकडते, भरपूर खाऊनही माणूस वाळतो, कधी डोळे बटबटीत होतात. आपल्या बाया यातले निम्मे "कामाचा शीण" म्हणून अंगावर काढतात. शीण एका झोपेने जातो. हा जात नाही, एवढी खूण लक्षात ठेवावी.

खात्री मात्र रक्ताच्या तपासणीनेच होते. टीएसएच नावाची तपासणी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तेथे सोय नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. गाठ टणक असेल, भराभर वाढत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, आवाज बसला असेल, तर एक दिवसही दवडू नये.

शाळा आणि अंगणवाडीत तपासणीचे पथक येते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात गलगंडाची तपासणीही आहे. त्या दिवशी पोराला निंदणी-वेचणीला नेऊ नका, शाळेत पाठवा.

उपाय: स्वस्त, पण रोजचा

उपाय आयोडीनयुक्त मीठ. पुडी घेताना त्यावर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले आणि हसऱ्या सूर्याचे चिन्ह आहे का ते बघावे. दुकानाच्या पायरीवर उघड्यावर ठेवलेले खड्यांचे पोते जनावरांसाठी, कातड्यासाठी असते. ते स्वयंपाकात नको. सैंधव आणि काळ्या मिठात, मुद्दाम घातल्याशिवाय, पुरेसे आयोडीन नसते. उपासाला ते चालेल, रोजच्या भाजीला नको.

२०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ साधारण तीन-चतुर्थांश घरांतच आढळले. म्हणजे चारातले एक घर अजून कोरडेच. आणि पुडी चांगली आणूनही चूक होते ती घरात. मीठ चुलीशेजारी उघड्या वाडग्यात राहते, त्यात ओला हात जातो, ऊन आणि वाफ लागते, आणि आयोडीन उडून जाते. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे. कालवणात शेवटी घालावे. मीठ धुऊन वापरण्याची सवय तर मोडूनच टाकावी.

एक हिशेब पाहा. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवे. दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. दर ग्रॅमला ३० चे मीठ घरात टिकवले तर पाच ग्रॅमही पुरतात. म्हणून आयोडीनसाठी मीठ जास्त खाऊ नका, रक्तदाब वाढेल. आहे तेच चांगले आणा आणि चांगले ठेवा.

"बाजरी, कोबी सोडू का?" असेही पुष्कळजण विचारतात. बाजरी, कोबी, फुलकोबी यांत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. पण आयोडीन पुरेसे मिळत असेल तर नेहमीच्या खाण्याने बिघडत नाही. भाकरी सोडायचे कारण नाही, मीठ बदलायचे आहे.

गोळीबद्दल दोन शब्द

आज थायरॉइडच्या सगळ्याच रोग्यांना आयोडीन कमी असते असे नाही. पुष्कळांत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. तेथे आयोडीनचे थेंब, गोळ्या किंवा कुणी सांगितलेली चूर्णे घेतल्याने दुखणे वाढू शकते. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. दिवस गेले तर गोळी थांबवायची तर नाहीच, उलट लगेच डॉक्टरांना सांगायचे, कारण तेव्हा बहुधा मात्रा वाढवावी लागते.

त्या मुलीचे काय झाले? रक्त तपासले, रस कमी निघाला, गोळी सुरू झाली. आईचीही तपासणी झाली. काही महिन्यांनी त्या गावी पुन्हा जाणे झाले. गाठ पूर्ण गेली नव्हती, ती अशी लगेच जातही नाही. पण गुरुजी म्हणाले, "आता वर्गात पेंगत नाही. हात वर करते."

आजी ओसरीवर बसल्या होत्या. मिठाचे मडके गोठ्यात गेले होते, आणि फळीवर झाकणाची बरणी आली होती. "पोरगी मठ्ठ नव्हती बगा," आजी म्हणाल्या, "आमीच आंधळे."

आजींचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आता तुम्हाला कळले आहे. आज रात्री जेवायला बसण्याआधी आपल्या घरातले मीठ कोणते आहे आणि ते कशात ठेवले आहे, एवढे एकदा उठून पाहा.