मुंग्यांचा पुरावा

कारखान्यात बोट तुटलं की त्याचा हिशोब लागतो. 1923 सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 रोजी अमलात आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या अवयवांचा तक्ताच होता. आकडे पुढे दुरुस्त्यांनी बदलले; आज अंगठा गेला तर 30 टक्के आणि तर्जनी मुळापासून गेली तर 14 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान आकड्यावरून वाद तरी होत नाही. तक्त्याखाली मात्र एक छोटी टीप आहे: अवयव जागेवर असला, तरी त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा संपला असेल, तर तो गेलाच असं समजावं. कामावरच्या दुखापती आणि नसांची तपासणी या विषयातली सगळी भांडणं त्या टिपेच्या आसपासची आहेत.

कारण बधिर हात दिसायला धडधाकट असतो. रक्त नाही, टाका नाही, प्लास्टर नाही. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, सकाळी शर्टाचं बटण लागत नाही, भरलेला कप हातून निसटतो. हे सगळं कामगाराच्या तोंडून ऐकायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही, एवढंच कितीतरी काळ डॉक्टरच्या हाती होतं.

ऐकणारे डॉक्टर होतेच. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ 1700 साली छापला आणि 1713 च्या आवृत्तीत त्याला पुरवणी जोडली. तिच्यात लेखनिकांचं दुखणं आलं. दिवसभर लिहून लिहून उजवा हात निकामी झालेला एक गृहस्थ डाव्या हातानं लिहायला शिकला आणि काही काळानं तोही हात तसाच झाला, असं रामाझ्झिनी सांगतात. निदान करायला त्यांच्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं. तू काय काम करतोस, हा प्रश्न रोग्याला विचारलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि तेवढ्यावर त्यांनी जे लिहून ठेवलं ते अजून खोटं ठरलेलं नाही.

पुढे भरपाईचे कायदे आले आणि ऐकण्याची जागा संशयानं घेतली. ब्रिटनमध्ये 1908 साली तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके भरपाईला पात्र आजारांच्या यादीत गेले. लगेच दावे वाढले, आणि पोस्ट खात्याच्या चौकशी समितीनं 1911 च्या अहवालात कारण दिलं ते असं: स्नायूंचा थकवा, आणि त्याच्या जोडीला त्या माणसाच्या मज्जासंस्थेचा मुळातला कमकुवतपणा. म्हणजे अर्धा दोष कामाचा, अर्धा कामगाराच्या स्वभावाचा. हे वाटप नंतरच्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या वेषात पुनःपुन्हा भेटतं.

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळंच चाललं होतं. नसेतून संदेश किती वेगानं धावतो हे मोजता येणं शक्य नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत असताना 1850 साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर तो वेग मोजला. तो निघाला सेकंदाला तीसेक मीटर, विचाराच्या वेगाबद्दलच्या सगळ्या कल्पनांना धक्का देण्याइतका सावकाश. या मोजमापाचा दवाखान्यात उपयोग व्हायला मात्र शंभर वर्षं आणि दोन महायुद्धं लागली. गोळ्यांनी आणि छर्ऱ्यांनी नसा फाटलेले हजारो सैनिक एकदम इस्पितळांत आले, तेव्हा कुठली नस आपोआप बरी होईल आणि कुठली शिवावी लागेल हे ठरवणं भाग पडलं. 1943 साली ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: नुसता मार बसून वहन थांबलेली, आतला धागा तुटला पण वेष्टन शाबूत राहिलेली, आणि पूर्ण तुटलेली. 1948 मध्ये अमेरिकेत होड्स, लाराबी आणि जर्मन या तिघांनी रुग्णांच्या हातापायांतल्या नसांचा वेग मोजून दाखवला. 1956 साली सिम्प्सन यांनी मनगटाशी दबलेल्या नसेत संदेश नेमका मनगटापाशीच रेंगाळतो हे यंत्रावर पकडलं. मुंग्यांना पहिल्यांदा आकडा मिळाला.

त्या मनगटाच्या दुखण्याचीही एक गंमत आहे. लंडनमध्ये ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये मनगटातल्या बोगद्यात नस दबलेल्या सहा रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हा हातांच्या कामाकडे त्यांनी बोट दाखवलं होतं. पण 1950 नंतर अमेरिकेत हा आजार घरोघरी माहीत करून देणारे जॉर्ज फेलन यांना कामाशी संबंध पटत नव्हता. त्यांचा युक्तिवाद असा की बहुतेक रुग्ण मध्यमवयीन बायका आहेत, गृहिणी आहेत, मग कष्टाच्या कामाचा संबंध येतोच कुठे? कपडे पिळणं, कणीक मळणं, फरशी घासणं ही जणू कामंच नव्हेत! वैद्यकातले काही निष्कर्ष रुग्णाच्या हातात दडलेले नसतात, तपासणाऱ्याच्या डोक्यात असतात. हा त्यातला एक.

नसांच्या या तपासणीच्या खोलीत काय चालतं हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. आपल्याकडे लोक तिला ‘शॉकची तपासणी’ म्हणतात आणि घाबरत जातात. पहिल्या भागात मनगटाशी आणि कोपराशी नसेला विजेचा छोटा झटका देतात आणि अंगठ्याच्या बुडाशी स्नायू केव्हा हलला ते टिपतात. दोन ठिकाणांमधलं अंतर आणि वेळेतला फरक यांवरून वेग निघतो. निरोगी हातात तो सेकंदाला साधारण पन्नास मीटर किंवा जास्त असतो. मग त्याच हातातल्या करंगळीकडच्या नसेशी तुलना करतात, कारण माणसाचं सगळ्यात खात्रीचं मोजमाप त्याच्याच शेजारच्या बोटाशी होतं. दुसऱ्या भागात स्नायूत बारीक सुई घालतात. हा भाग दुखतो. निरोगी स्नायू स्वस्थ असताना गप्प असतो. ज्याची नस तुटली आहे तो स्नायू आपला आपण बारीक फडफडत राहतो आणि ते यंत्राच्या भोंग्यातून पावसाच्या थेंबांसारखं ऐकू येतं.

आता यातली मेख. नस तुटल्यावर जखमेच्या खालचा तुकडा लगेच मरत नाही. आठवडाभर तो संदेश वाहून नेत राहतो. सुईवर फडफड दिसायला तर दोनतीन आठवडे लागतात. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी घाईनं केलेली तपासणी म्हणूनच खोटा दिलासा देऊ शकते, आणि तोच ‘नॉर्मल’ रिपोर्ट पुढे वर्षभर दाव्याच्या फायलीत कामगाराच्या विरोधात बसून राहतो. दुसरं म्हणजे तापमान. हात गार असेल तर नस मंदावते, एका अंशाला सुमारे दोन मीटर. एसीच्या खोलीत थंड पडलेला हात गरम न करता मोजला तर निरोगी माणूसही आजारी ठरतो. चांगला तज्ज्ञ आधी हात गरम करायला सांगतो, रिपोर्टवर तापमान लिहितो, आणि तपासणीआधी पाच मिनिटं तुम्ही काय काम करता हे विचारतो. शेवटची गोष्ट करणारे कमी आहेत.

यंत्र आल्यावर संशय मिटेल अशी अपेक्षा होती. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात उलटंच झालं. तिथल्या टेलिफोन खात्यात 1981 ते 1985 या काळात हाताच्या दुखण्याच्या जवळपास चार हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. बहुतेकांच्या तपासण्यांत ठोस काही सापडेना. त्यात टेलिफोन ऑपरेटरांच्या तक्रारी भरमसाट, आणि कळा दाबण्याचा वेग सगळ्यात जास्त असलेल्या तारायंत्रवाल्यांच्या थोड्या! काहींनी याला साथीचा मनोविकार म्हटलं, काहींनी कामाची कंटाळवाणी घडण आणि देखरेखीचा जाच याकडे बोट दाखवलं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण खटल्यांमध्ये वजन पडलं ते पहिल्याचं, कारण यंत्र त्यांच्या बाजूनं गप्प होतं.

आणि यंत्र बोललं तरी ते काय बोलतं? स्वीडनमधला 1999 चा एक अभ्यास आहे. ज्यांना हाताची काहीही तक्रार नव्हती अशा 125 जणांची तपासणी केली, तर त्यांतल्या 18 टक्के लोकांची मनगटातली नस यंत्राच्या मते बिघडलेली निघाली. तक्रार नाही पण आकडा वाईट, तक्रार खरी पण आकडा चांगला, असे दोन्ही लोक असतात. यंत्र सांगतं नस कुठे दबली. कशानं दबली हे सांगणं त्याचं कामच नाही. ते शोधायला कामाच्या जागी जावं लागतं. 1987 मध्ये अमेरिकेत सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी सात कारखान्यांतले 652 कामगार तपासले, तेव्हा जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही जास्त असलेल्या कामांत मनगटातली नस दबण्याचा धोका हलक्या कामांच्या तुलनेत पंधरापट निघाला. त्यासाठी त्यांनी हातांची हालचाल मोजली, कामाचा फेरा किती सेकंदांचा हे घड्याळ लावून पाहिलं.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 साली झाला, 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 मध्ये ती मुंबईत आली. गिरणगावातल्या साचाखात्यापासून वाइंडिंगपर्यंतच्या कामगारांना पहिल्यांदा कार्ड मिळालं. कायमच्या अपंगत्वाचा टक्का ठरवायला वैद्यकीय मंडळ, त्यावर अपील, त्यावर विमा न्यायालय, अशी रचना कागदावर चांगली आहे. मंडळापुढे बधिर हात आला की मात्र आपल्या देशातली उत्तरं तयार असतात. साखर आहे का? मधुमेहानं नसा बिघडतात, खरं आहे. शाकाहारी आहात, बी-बारा कमी असेल. तेही असू शकतं. विदर्भातला रुग्ण असेल तर कुष्ठरोग आधी वगळावा लागतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटानं चाचपून जाड लागते का हे बघणारा डॉक्टर तिथे अजूनही यंत्राइतकाच मोलाचा आहे. या सगळ्या शंका रास्त आहेत. पण साखर असलेल्या माणसाच्या हातात रोज आठ तास थरथरणारं ग्राइंडर असेल, तर त्याची दोन्ही कारणं खरी असू शकतात, हे लिहिलेला रिपोर्ट क्वचित दिसतो.

टक्क्याच्या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्ये फार सरळ उत्तर दिलं आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे तो पूर्ण अपंग नव्हता. न्यायालयानं म्हटलं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यातला हा निवाडा अजूनही कामगारांचे वकील पहिल्यांदा काढतात. नसेच्या बाबतीत तो आणखी लागू पडतो: पहिल्या तीन बोटांची संवेदना गेलेला हमाल ओझं उचलेल, पण तीच संवेदना गेलेला घड्याळजी, शिंपी किंवा सोलापूरची विडी वळणारी बाई काय करेल? यंत्रावर चौघांचाही आकडा सारखाच येतो.

कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा 2017 पासून महिना 21 हजार रुपये आहे. त्यामुळे हिंजवडीतला दिवसभर माऊस धरणारा बहुतेक वर्ग या योजनेच्या बाहेर पडतो, आणि घरी विडी वळणाऱ्या बाईला कामावरची दुखापत सिद्ध करायची तर आधी मालक कोण हे सिद्ध करावं लागतं.

1923 च्या कायद्याचं नाव 2010 मध्ये कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं आणि नोव्हेंबर 2025 पर्यंत तो लागू होता. त्याच्या कलम 3 प्रमाणे तिसऱ्या अनुसूचीत नसलेल्या आजाराला भरपाई हवी असेल, तर तो कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेमुळेच झाला असं दाखवावं लागे. त्या अनुसूचीत शिसं होतं, पारा होता, आवाजानं येणारा बहिरेपणा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2010 च्या आपल्या यादीत मनगटातली दबलेली नस नाव घेऊन घातली, ब्रिटननं थरथरणाऱ्या हत्यारांवर काम करणाऱ्यांसाठी ती 1993 मध्येच मान्य केली होती. आपल्या तिसऱ्या अनुसूचीत ती नव्हती. पंधरा वर्षांत हळूहळू बधिर झालेल्या हाताला अपघाताची तारीख नसते, आणि दाव्याच्या फॉर्ममध्ये तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.