घाणेरीचे हत्ती
बांधावर माजलेली घाणेरी आपण उपटून टाकतो. तमिळनाडूत, निलगिरीच्या डोंगरातले आदिवासी कारागीर तिच्याच काठ्या उकळतात, सोलतात, लोखंडी सांगाड्यावर वाकवून खऱ्या मापाचे हत्ती घडवतात. प्रत्येक पुतळा त्यांच्या ओळखीच्या खऱ्या हत्तीचा. २०२४ साली असे १०० हत्ती अमेरिकेत मांडले गेले.

घाणेरी जंगलात पसरली, की गवत दबतं, हत्तींचा चारा घटतो. ती तोडली, की रान मोकळं होतं, हातांना काम मिळतं. विक्रीचा पैसा माणूस आणि वन्यप्राणी एकत्र नांदावेत, अशा कामांना जातो.

आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गलाही हत्ती केळी-माड मोडतात. भरपाई मागायलाच हवी. पण हत्तीलाही पोट आहे, कळप आहे. तो चोर की शेजारी, यावर पुढच्या बैठकीत आपण बोलूया.